पंचफुलाचे दंड

अमरावतीत लंबी रोटी करणाऱ्या बाया पुष्कळ आहेत, पण पंचफुलाची रोटी पाहायला माणसं पंगत सोडून चुलीपाशी येऊन उभी राहायची. चुलीवर मातीचं रांडण, म्हणजे मोठं मडकं, उपडं तापत असायचं. ती सैलसर कणकेचा गोळा हातात घ्यायची, या हातावरून त्या हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवायची आणि मलमलीसारखी पातळ झालेली रोटी एका झटक्यात रांडणावर टाकायची. एकही भोक नाही. पण खरी मेहनत त्याआधीची. चार-पाच किलोची ओली कणीक दोन्ही हातांनी उचलायची, परातीत आपटायची, परत उचलायची, तिला तार सुटेपर्यंत. सत्तावीस वर्षं हेच केल्यामुळे पंचफुलाचे दंड असे भरले होते की तिचा नवरा देवमन लोकांना सांगायचा, "मी घरात भांडण करतच नाई. हिचे दंड पाह्यले का तुमी?"

देवमन कोर्टात शिपाई होता. सुट्टीच्या दिवशी रांडण आणि परात स्कूटरवर बांधून बायकोला ऑर्डरच्या ठिकाणी पोचवणं हे त्याचं दुसरं काम. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली होती. दोघांचं बरं चाललं होतं.

सप्टेंबरच्या शेवटी पंचफुलाला ताप आला. आठ-दहा दिवसांपूर्वी एका शेतातल्या जेवणाची ऑर्डर होती. चूल बांधावर मांडली होती, आणि दिवसभर ती गुडघाभर गवतात बसून रोट्या करत होती. त्यानंतर केव्हा तरी तिच्या डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला एक काळी खपली दिसायला लागली. दुखत नव्हती. तिचे हात कोपरापर्यंत भाजल्याच्या डागांनी भरलेले, त्यात अजून एक. ठिणगी उडाली असेल, असं तिला वाटलं.

ताप उतरेना. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांनी तासभर बरं वाटायचं आणि परत थंडी भरायची. सहाव्या दिवशी तिला बोलताना धाप लागायला लागली तेव्हा देवमनने रिक्षा बोलावली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासता तपासता तिचा हात वर केला आणि ती खपली पाहून त्या थांबल्या.

"हे काय आहे?"

"रोटी करतो न मी," पंचफुला कशीबशी म्हणाली. "भाजलं असंन."

"भाजलेलं नाही हे. गवतात डोळ्याला न दिसणारा एक बारीक किडा असतो, तो चावला की असं होतं. स्क्रब टायफस."

औषध त्याच तासाला सुरू झालं. पण आजार छातीत पोचला होता. रात्रीपर्यंत रक्तदाब पडला, आणि पंचफुलाला व्हेंटिलेटर लावावा लागला. बारा दिवस ती त्या मशीनवर होती. देवमनची मोठी बहीण भागीरथाताई अकोल्याहून दुसऱ्याच दिवशी आल्या आणि भावाच्या शेजारी दवाखान्याच्या बाकावर बसून राहिल्या. सिस्टर बाहेर आली की दोघं एकदम उभी राहायची.

तेराव्या दिवशी नळी निघाली. पंचफुलाला जाग आली तेव्हा तिच्या नाकावर माशी बसली होती. तिला हाकलावं म्हणून तिने हात उचलला. हात उचलला गेला नाही. तिने दुसरा उचलून पाहिला. तोही नाही. मान वळवून खाली पाहावं तर मानही वळेना. सिस्टरने माशी हाकलली आणि हसत तिचा हात वर धरून दाखवला. हाडावर सैल कातडी लोंबत होती, जशी दोरीवरची ओली ओढणी.

पंचफुलाने बराच वेळ त्या हाताकडे पाहिलं. मग बसक्या, खरखरीत आवाजात तिने विचारलं, "हे कोणाचे हात व्हय? माहे कुठी ठेवले तुमी?"

सिस्टर हसून हसून बाहेर पळाली आणि देवमनला म्हणाली, "काका, बोलल्या! हात मागून राहिल्या!" देवमन आत आला. तो हसत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि यातलं कुठलं आधी पुसावं ते त्याला समजत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. एवढ्या मोठ्या आजाराशी लढताना शरीराला जे लागतं ते बाहेरून पुरत नाही, तेव्हा ते आपलेच स्नायू मोडून खातं. त्यात बारा दिवस हालचाल नाही. पंचफुलाचं वजन अडुसष्टवरून एक्कावन्नवर आलं होतं. जंतू गेला होता, फुप्फुसं साफ झाली होती, पण स्नायू परत आणायचे तर औषधाची गोळी नसते. चांगलं खायचं आणि रोज थोडं थोडं काम करायचं.

"किती दिवस?" देवमनने विचारलं.

"दिवस नका मोजू. महिने लागतील."

घरी कोण करणार, हा प्रश्न होता. देवमनची नोकरी, घर दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. मुलीला चौथा महिना, डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. भागीरथाताईंनी पंचफुलाच्या खाटेपाशीच निकाल दिला, "अकोल्याले नेतो मी. माहं घर खालीच हाय, संडास आतच हाय, आन् मांगच्या गल्लीत फिजिओथेरपीवाली पोरगी राह्यते."

हे ऐकून पंचफुलाने डोळे मिटून घेतले. ताई खोलीबाहेर गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "त्यापेक्षा मले त्या मशीनवरच राहू द्या."

कारण होतं. भागीरथाताई चौसष्ट वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. पती वारल्यापासून जठारपेठेतल्या घरात एकट्याच असत. शिस्तीच्या बाई. भावाची बायको लोकांच्या मांडवात चुलीपाशी बसते हे त्यांना कधीच आवडलं नव्हतं. एका लग्नात कोणी तरी विचारलं, तुमची भावजय काय करते, तर पंचफुला शेजारी उभी असताना त्या म्हणाल्या होत्या, "घरीच असते." या गोष्टीला पंधरा वर्षं झाली होती, पण पंचफुलाच्या ती अजून ध्यानात होती.

तरी ती अकोल्याला गेली. न जाऊन करते काय? मान उशीवरून उचलायलासुद्धा तिला माणूस लागत होता.

*

ताईंनी पहिल्याच दिवशी खाटेसमोरच्या भिंतीवर वेळापत्रक लावलं. सात वाजता दूध. आठ वाजता दोन अंडी. दहा वाजता व्यायाम. अकरा वाजता फुटाणे आणि दही. मग वरण, उसळ, एक दिवसाआड कोंबडीचं पाणी. प्रत्येक ओळीपुढे चौकोन, काम झालं की त्यात बरोबरची खूण.

"ताई, मी काय चौथीतली पोट्टी हावो काय?"

"चौथीतले पोट्टे तुह्यापेक्षा बरे खातात. आ कर."

रात्री-बेरात्री हाक मारता यावी म्हणून ताईंनी आपल्या निरोप समारंभात मिळालेली पितळी घंटा तिच्या उशाशी ठेवली. लागलं तर वाजव, म्हणाल्या. पंचफुलाने ती उचलायला हात लावला. घंटा जागची हलली नाही. दोन्ही हात लावले, तरी नाही. ताई स्वयंपाकघरात होत्या. आपल्याला घंटाही उचलत नाही हे सांगायला पंचफुलाला लाज वाटली, म्हणून तिला तहान लागली तरी ती तासभर तशीच पडून राहिली. ताईंना समजलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला आणि घंटा उचलून तिच्या जागी स्टीलची वाटी आणि चमचा ठेवला.

फिजिओथेरपीवाली प्रणाली पंचविशी-सव्विशीची, चष्मा लावणारी, सतत हसणारी मुलगी होती. पहिल्या दिवशी तिने पंचफुलाला खाटेच्या काठावर बसवलं. बस्स, एवढंच. दोन मिनिटं बसून पंचफुलाला नांगर ओढल्यासारखा घाम फुटला.

"मस्त काकू! उद्या तीन मिनिटं."

"मस्त काय वं त्यात? मी दिवसाले दोनशे रोट्या करत होती."

"तेव्हा बसता येत होतं, म्हणून करत होत्या. आधी बसू."

नोव्हेंबर असा गेला. बसणं जमलं, मग पाय हलवणं, मग चार पायांचा वॉकर धरून उभं राहणं. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं, हे प्रणालीने परीक्षा म्हणून ठरवलं होतं. अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं ते ती घड्याळ लावून मोजायची. पहिल्यांदा शून्य. आठवड्याने शून्य. दोन आठवड्यांनी एक, तोही वाकडातिकडा, पण ताईंनी चौकोनात खूण केली आणि खाली लाल पेनाने "छान" लिहिलं. पंचफुलाने तोंड फिरवून घेतलं, पण तिला हसू येत होतं.

दर शनिवारी देवमन बडनेऱ्याहून गाडीत बसून यायचा. येताना शेंदूरजनाघाटची संत्री पिशवीभर आणायचा, कारण कोर्टातल्या त्याच्या साहेबांची तिकडे बाग होती. सुरुवातीला तो सोलून एकेक फोड तिच्या तोंडात द्यायचा. मग तिने हट्ट धरला, "मी सोलतो." एक संत्र सोलायला तिला पाऊण तास लागला. सोललं तेव्हा ते संत्र राहिलं नव्हतं, त्याचा चोथा झाला होता. तिघांनी मिळून चोथा खाल्ला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक गोष्ट घडली. पंचफुला मोरीत अंघोळीला पाटावर बसली होती. अंघोळ झाल्यावर एरवी ताई तिला काखेत हात घालून उठवायच्या. त्या दिवशी फरशी ओली होती. ताईंनी तिला अर्धवट उचललं, त्यांचा पाय सरकला, आणि दोघी एकमेकींना धरून हळूच, अगदी सावकाश, खाली बसल्या. लागलं कोणालाच नाही. पण आता ताईंना गुडघा उठू देईना आणि पंचफुलाला मांड्या. एक जोर लावायची तर दुसरी घसरायची.

"ताई, तुमी उठा आधी."

"उठता आलं असतं तं बसली असती काय वं मी इथं?"

पंचफुलाला एकदम हसू फुटलं. तिचं हसू बघून ताईंनाही आवरेना. अंगाला टॉवेल गुंडाळलेली एक आणि नखशिखांत भिजलेली दुसरी, दोघी भिंतीला टेकून मोरीत बसून हसत राहिल्या. हसून पोटात दुखायला लागलं तेव्हा पंचफुला म्हणाली, "हे पोटाचे स्नायू हायेत वाटते. हायेत म्हणजे अजून."

दहा वाजले की प्रणाली येणारच होती. तोवर वीस मिनिटं तिथंच काढायची होती. हसू ओसरल्यावर ताईंनी पंचफुलाचा हात आपल्या हातात घेतला. कोपरापर्यंतचे भाजल्याचे डाग तसेच होते, फक्त त्याखालचं मांस गेल्यामुळे ते जवळ जवळ आल्यासारखे दिसत होते.

"आमची माय लोकायच्या लग्नात भांडे घासे," ताई म्हणाल्या. "मी आन् देवमन मांडवाच्या मांगं बसून राहो. पंगत उठल्यावर जे उरन ते आमाले. मी नोकरीले लागली तवा मनात ठरवलं, आता आपल्या घरची बाई कोणाच्या मांडवात राबाले जाणार नाई. आन् तू आली ते रांडण घेऊनच आली."

पंचफुलाला हे माहीत नव्हतं. देवमनने कधी सांगितलं नव्हतं.

"ताई, मायनं घासले ते पोटासाठी. मले लोकं पाहाले येतात. पंगत सोडून येतात. तुमी एकदा तरी पाह्यलं असतं तं..."

"नाई पाह्यलं," ताई म्हणाल्या. "चुकलं माहं."

एवढ्यात बाहेरून प्रणालीची हाक आली, आणि दोघी एकदम ओरडल्या, "इकडं! मोरीत!"

*

दुसऱ्या दिवशी प्रणालीने मुठीत दाबायचा स्पंजचा चेंडू पिशवीत टाकला आणि म्हणाली, "काकू, याचा कंटाळा आलाय ना तुम्हाला? ताई, थोडी कणीक भिजवून द्या. लिंबाएवढी."

लिंबाएवढी कणीक हातात आली आणि पंचफुलाच्या बोटांना जणू आपलं घर सापडलं. जोर नव्हता, पण काय करायचं ते बोटांना माहीत होतं. तिने ती दाबली, दुमडली, ओढली. दोन मिनिटांत थकली, पण परत मागितली. आठ दिवसांनी लिंबाचं संत्र झालं. पंधरा दिवसांनी नारळ. आणि जानेवारीच्या एका सकाळी ताई अंगणात फुलझाडांना पाणी घालत होत्या तेव्हा घरातून शाळा सुटल्यासारखी घंटा वाजायला लागली. त्या धावत आत आल्या. पंचफुला खाटेवर बसून एका हाताने घंटा हलवत होती.

"काय झालं वं?"

"काई नाई. उचलते म्हणून सांगाले वाजवली."

मग ती दिवसभर वाजवत राहिली, शेवटी शेजाऱ्यांनी विचारलं.

रोज एवढी कणीक तिंबून व्हायची तर तिचं काही करायला हवं. पंचफुलाला अजून दोन्ही हात वर धरून रोटी लांबवता येत नव्हती. दहा सेकंदांत दंड थरथरायला लागत. तेव्हा भागीरथाताईंनी एक दिवस पदर खोचला आणि म्हणाल्या, "शिकव मले."

पंचफुलाला आधी थट्टा वाटली. पण ताईंनी देवमनला फोन करून अमरावतीहून रांडण मागवलं आणि मागच्या अंगणात तीन विटांची चूल मांडली. त्यांची पहिली रोटी फाटक्या बनियनसारखी झाली. दुसरी अर्धी रांडणावर आणि अर्धी विस्तवात गेली. पंचफुला खुर्चीवर बसून शिकवायची, आणि शिकवताना तिला समोर कोण आहे याचा विसर पडायचा.

"ताई, पुस्तकाचं पान हाय काय ते, असं दोन बोटानं उलटवून राह्यल्या? तळवा लावा! भिऊ नका, भाजन तं भाजन!"

चाळीस वर्षं दुसऱ्यांना रागावलेल्या ताईंना रागावून घ्यायची सवय नव्हती. त्यांचे ओठ घट्ट मिटायचे. मग त्या पुढचा गोळा घ्यायच्या.

त्याच महिन्यात पंचफुलाचे केस गळायला लागले. कंगव्याला मूठ मूठ यायचे. इतक्या महिन्यांत ती एकदाही रडली नव्हती, पण त्या दिवशी मांडीवर केसांचा पुंजका घेऊन ती रडली. हात गेले, पाय गेले, आता हे. प्रणालीने सांगितलं की मोठ्या आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी असं होतंच, आणि परत येतातही. पंचफुलाला पटलं नाही. ताईंनी तिच्या डोक्याला कोमट तेल लावून दिलं आणि त्या दिवशीच्या वेळापत्रकात सगळे चौकोन रिकामे सोडले. दुसऱ्या दिवशी दहा वाजता पंचफुला आपण होऊन खुर्चीत येऊन बसली.

फेब्रुवारीच्या एका शनिवारी देवमन आला तो संत्र्यांची पिशवी खाली ठेवायचं विसरून तसाच उभा राहिला.

"काय केलं तुमी?" पंचफुलाने लगेच विचारलं. सत्तावीस वर्षांचा संसार होता.

वलगावचे खुशालराव नावाचे शेतकरी देवमनला कोर्टात भेटले होते. त्यांच्या मुलीचं, आचलचं, मार्चमध्ये साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. घरातलीच साठ माणसं. वांग्याची भाजी आणि लंबी रोटी. खुशालराव म्हणाले, रोटी पंचफुलाबाईचीच, नाही तर भात वाढतो. आणि देवमनच्या तोंडून हो निघून गेलं होतं.

"मले इच्यारलं?" पंचफुला कडाडली. "हे दंड पाह्यले का? साठ माणसायच्या रोट्या? भैताड झाले काय तुमी?"

"मी नाई म्हणून सांगतो त्यायले. आताच फोन करतो."

"थांबा," पंचफुला म्हणाली. आणि त्याच्या पिशवीतलं एक संत्र घेऊन सोलायला लागली.

सोमवारी प्रणालीपुढे प्रकरण गेलं. तिने पंचफुलाला दोन्ही हात समोर धरायला लावले आणि घड्याळ पाहिलं. मग अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते मोजलं. अकरा.

"किती रोट्या लागतात साठ माणसांना?"

"मोठी रोटी. चाळीस."

"तुम्ही वीस करायच्या. पाच झाल्या की बसायचं. कणीक तुम्ही आपटायची नाही, काका आपटतील. आणि उरलेल्या वीस..."

सगळ्यांनी भागीरथाताईंकडे पाहिलं.

"मी?" ताई म्हणाल्या. "लोकायच्या मांडवात?"

ताईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "चूल सावलीत पायजे," त्या म्हणाल्या. "मले उन्हाचा त्रास होते."

*

वलगावला खुशालरावांच्या अंगणात कडुलिंबाखाली चूल मांडली होती. आजूबाजूचं गवत देवमनने स्वतः आदल्या दिवशी जाऊन कापून घेतलं होतं, आणि पंचफुलाला बसायला ताडपत्रीवर उंच पाट टाकला होता. तो सकाळपासून बनियनवर कणीक आपटत होता. दोन परातींतच त्याचा चेहरा लाल झाला.

"हे तू रोज करत होती?"

"बोलू नका. तार सुटली नाई अजून."

पहिली रोटी पंचफुलाने हातावर घेतली तेव्हा बाया-पोरं भोवती जमलीच होती. ती लांबवता लांबवता तिचा श्वास अडकला. पण रोटी कोपरापर्यंत आली, आणि सपकन रांडणावर गेली. खुशालराव टाळ्या वाजवायला लागले. पाच झाल्या, ती बसली. दहा झाल्या, ती बसली. तेराव्या रोटीला तिच्या डाव्या हाताला कंप सुटला. तिने कशीबशी टाकली आणि ताईंकडे पाहिलं.

भागीरथाताई पदर खोचून पुढे झाल्या. त्यांची पहिली रोटी फाटली. एक पोरगी खिदळली. दुसरी मात्र बरी झाली, तिसरी चांगली. चौथी हातावर अर्धी लांबली होती एवढ्यात गर्दीतून एक उंच, पांढऱ्या सफारीतले गृहस्थ पुढे आले आणि डोळे बारीक करून पाहू लागले. चंद्रभान सर. एके काळी ताईंच्या शाळेची तपासणी करायला येणारे केंद्रप्रमुख, आणि नवऱ्या मुलाचे मामा.

"भागीरथा मॅडम? तुम्ही? इथं चुलीपाशी?"

देवमन कणकेत हात घालून तसाच थांबला.

ताईंनी मान वर केली नाही, कारण रोटी हातावर होती. "नमस्कार सर," त्या म्हणाल्या. "थोडं बाजूले व्हा, धूर लागन. ही माही भावजय पंचफुला. अमरावतीत लंबी रोटीत हिचा हात धरणारं कोणी नाई. मी शिकून राह्यली तिच्यापाशी." आणि रोटी रांडणावर टाकून त्या पुढे म्हणाल्या, "पाह्यलं? भोक पडलं. तुमाशी बोलून राह्यली म्हणून पडलं."

चंद्रभान सर बाजूला झाले, पण गेले नाहीत. खुर्ची मागवून तिथंच बसले, आणि पंगत लागेपर्यंत हलले नाहीत.

पंचफुलाने त्या दिवशी एकूण तेवीस रोट्या केल्या. चोविसावी तिच्या हातावरच मधोमध फाटली. तेव्हा ती स्वतःच म्हणाली, "बस. आज एवढंच." बाकीच्या ताईंनी केल्या. ज्या फाटल्या होत्या त्या वेगळ्या काढून, पाहुणे जेवून गेल्यावर, तिघं वांग्याच्या रश्शात कुस्करून खाली बसून जेवले. आचल नवी साडी सांभाळत स्वतः वाढायला आली आणि पंचफुलाला म्हणाली, "काकू, लग्नालाही तुमीच या."

"किती माणसं?"

"चारशे."

"मंग पुढच्या वर्षी कर न लग्न," पंचफुला म्हणाली, आणि आचल लाजून हसत पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमरावतीच्या घरात तिघंही अंथरुणावर पडून होती. पाच महिन्यांनी पंचफुला आपल्या घरी झोपली होती. जिना चढताना दोनदा थांबली, पण चढली. आता तिचे दंड ठणकत होते, मांड्या ठणकत होत्या. पलीकडे ताई कण्हत होत्या, आणि देवमनला तर खांदा वर करता येत नव्हता. आठ वाजता प्रणालीचा फोन आला.

"काकू, दुखतंय का?"

"बम दुखून राह्यलं."

"छान! दुखतंय म्हणजे दुखायला तिथं काही तरी आलंय. परवा या, माप घेऊ. अजून सहा महिने तरी सोडणार नाही मी तुम्हाला."

पंचफुलाने फोन ठेवला आणि छताकडे पाहत पडून राहिली. "चाहा कोण करते?" तिने विचारलं.

ताईंनी झोपल्याचं सोंग घेतलं. देवमनने खांद्याकडे बोट दाखवलं.

"मोठ्या कामाचे दोघं," पंचफुला म्हणाली. तिने दोन्ही हात गादीवर टेकले, कूस बदलली, आणि कोणाचाही आधार न घेता उठून बसली. मग पाय खाली सोडून चप्पल शोधू लागली.